काळ, वेग आणि त्वरण यांच्या एककांचे रूपांतर

काळ, वेग आणि त्वरण या गतीच्या वर्णनासाठी वापरल्या जाणाऱ्या भौतिक राशी आहेत. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत काळाचे एकक सेकंद, वेगाचे एकक मीटर प्रतिसेकंद आणि त्वरणाचे एकक मीटर प्रतिसेकंद वर्ग असे आहे. व्यवहारात मात्र तास, घटका, किलोमीटर प्रतितास, गॅल, गुरुत्व त्वरणाचा अंश अशी इतर एककेही प्रचलित आहेत. एका एककात दिलेली राशी तिचे मूल्य न बदलता दुसऱ्या एककात मांडण्याच्या क्रियेला एककांचे रूपांतर म्हणतात. भूकंप केव्हा झाला, कोठे झाला आणि जमीन किती जोराने हलली या तीन प्रश्नांची उत्तरे अनुक्रमे याच तीन राशींवर अवलंबून असतात. त्यामुळे प्रस्तुत लेखातील बरीच उदाहरणे १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या आणि मराठवाड्याच्या संदर्भात दिली आहेत.

पार्श्वभूमी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांना भूकंपाचा तीव्र धक्का बसला. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात असलेल्या किल्लारी गावावरून हा भूकंप ओळखला जातो. त्याची महत्ता सुमारे ६.२ होती. गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत असताना दगडमातीची घरे कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची महत्ता मध्यम असूनही हानी एवढी मोठी का झाली, हे समजण्यासाठी पुढील तीन राशींचा आणि त्यांच्या एककांचा उपयोग होतो.

काळाची एकके

सेकंद हे काळाचे मूलभूत एकक आहे. १९६७ पासून त्याची व्याख्या सीझियम-१३३ या अणूतून उत्सर्जित होणाऱ्या विशिष्ट प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांच्या कालावधीवर आधारलेली आहे. ६० सेकंदांचा एक मिनिट, ६० मिनिटांचा एक तास आणि २४ तासांचा एक दिवस होतो. म्हणून एका तासात ३,६०० आणि एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात.

भारतीय परंपरेत अहोरात्राचे ६० घटकांत विभाजन केले जाते. पंचांगात आजही ही एकके आढळतात. त्यांचे आधुनिक एककांतील रूपांतर पुढीलप्रमाणे आहे :

• १ घटका = ६० पळे = २४ मिनिटे
• १ पळ = ६० विपळे = २४ सेकंद
• १ विपळ = ०.४ सेकंद
• १ मुहूर्त = २ घटका = ४८ मिनिटे
• १ प्रहर = ७.५ घटका = ३ तास
• १ तास = २.५ घटका

काळ मोजण्याची पद्धत षष्टिमान (६० वर आधारलेली) असून सामान्य संख्या दशमान पद्धतीत लिहिल्या जातात. त्यामुळे ३ तास ५६ मिनिटे म्हणजे ३.५६ तास नव्हेत. मिनिटांना ६० ने भागून ५६ ÷ ६० = ०.९३३ मिळते, म्हणजेच हा काळ ३.९३३ तास होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एवढ्या काळात सुमारे १९७ किलोमीटर अंतर कापते. ३.५६ हा चुकीचा आकडा वापरल्यास उत्तर १७८ किलोमीटर येते आणि जवळपास १९ किलोमीटरची तूट पडते.

जागतिक वेळ, प्रमाण वेळ आणि स्थानिक वेळ

जगभरातील भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी एकमेकींशी जुळाव्यात म्हणून त्या समन्वित जागतिक वेळेत (यूटीसी) ठेवल्या जातात. भारतीय प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश आणि एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. यावरून ८२.५ ÷ १५ = ५.५ तास, अर्थात ५ तास ३० मिनिटे, एवढी भारतीय प्रमाण वेळ जागतिक वेळेच्या पुढे असते.

किल्लारी भूकंपाची जागतिक वेळेतील नोंद २९ सप्टेंबर १९९३, २२ वाजून २५ मिनिटे ४८ सेकंद अशी आहे. त्यात ५ तास ३० मिनिटे मिळवल्यास २७ तास ५५ मिनिटे ४८ सेकंद होतात. त्यातून २४ तास वजा केल्यावर ३ वाजून ५५ मिनिटे ४८ सेकंद ही वेळ उरते आणि तारीख एका दिवसाने पुढे जाते. मराठी लिखाणात आढळणारी '३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे' आणि आंतरराष्ट्रीय सूचीतील '२९ सप्टेंबर' या दोन्ही नोंदी त्यामुळे बरोबर ठरतात. त्या एकाच घटनेच्या आहेत.

मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत भारतात घडणाऱ्या प्रत्येक घटनेची जागतिक तारीख आदल्या दिवसाची असते. महाराष्ट्रातील तीन भूकंपांची तुलना केल्यास हे स्पष्ट होते :

• कोयना : भारतीय वेळ ११ डिसेंबर १९६७, ४.२१, जागतिक वेळ १० डिसेंबर, २२.५१
• किल्लारी : भारतीय वेळ ३० सप्टेंबर १९९३, ३.५६, जागतिक वेळ २९ सप्टेंबर, २२.२६
• हिंगोली : भारतीय वेळ २१ मार्च २०२४, ६.०८, जागतिक वेळ २१ मार्च, ०.३८

नांदेड शहरातही जाणवलेला हिंगोलीचा ४.५ महत्तेचा धक्का साडेपाचनंतर बसला. त्यामुळे त्याची तारीख दोन्ही पद्धतींत एकच राहिली.

प्रमाण वेळ आणि सूर्यावरून ठरणारी स्थानिक वेळ यांतही अंतर असते. लातूर सुमारे ७६.५८ अंश आणि नांदेड सुमारे ७७.३ अंश पूर्व रेखांशावर आहे. ८२.५ अंशांपासून लातूर ५.९२ अंश पश्चिमेस असल्यामुळे तेथील सरासरी स्थानिक वेळ ५.९२ × ४ = २३.७ मिनिटांनी, म्हणजे जवळजवळ एका घटकेने, प्रमाण वेळेच्या मागे असते. नांदेडसाठी हा फरक सुमारे २१ मिनिटांचा आहे. सूर्य आधी नांदेडच्या आणि सुमारे तीन मिनिटांनी लातूरच्या मध्यान्हवृत्तावर येतो.

चाल आणि वेग

एकक काळात कापलेल्या अंतरास चाल म्हणतात. विशिष्ट दिशेने एकक काळात झालेल्या विस्थापनास वेग म्हणतात. चाल ही अदिश आणि वेग ही सदिश राशी आहे. दोन्ही राशींचे एकक मात्र एकच असते. बोलीभाषेत दोहोंसाठी 'वेग' हाच शब्द रूढ आहे.

१ किलोमीटर = १,००० मीटर आणि १ तास = ३,६०० सेकंद असल्यामुळे १ किलोमीटर प्रतितास = १,००० ÷ ३,६०० = ५/१८ मीटर प्रतिसेकंद. यावरून दोन नियम मिळतात :

• किमी/तास वरून मी/से काढण्यासाठी ५/१८ ने गुणावे (किंवा ३.६ ने भागावे).
• मी/से वरून किमी/तास काढण्यासाठी १८/५ ने (म्हणजे ३.६ ने) गुणावे.

उदाहरणार्थ, ७२ किमी/तास म्हणजे २० मी/से. उत्तराची पडताळणी करण्याची सोपी खूण अशी की, एकाच वेगासाठी किमी/तास मधील आकडा मी/से मधील आकड्यापेक्षा नेहमी मोठा असतो.

एकूण अंतराला एकूण काळाने भागल्यास सरासरी चाल मिळते. एप्रिल २०१६ मध्ये तीव्र टंचाईच्या काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पुरवण्यात आले. 'जलदूत' नावाने ओळखल्या गेलेल्या पहिल्या गाडीने सुमारे ३४२ किलोमीटरचे अंतर सुमारे १८ तासांत पार केले. तिची सरासरी चाल ३४२ ÷ १८ = १९ किमी/तास, म्हणजे सुमारे ५.३ मी/से होती. गाडी धावत असताना तिची चाल याहून अधिक असणार. थांबे आणि प्रतीक्षा यांचा काळही भागाकारात धरला जात असल्याने सरासरी कमी भरते.

भूकंप लहरींचा वेग

भूकंपनाभीपासून निघणाऱ्या लहरींपैकी प्राथमिक लहरी सर्वांत आधी पोहोचतात. त्यांच्यामागून येणाऱ्या दुय्यम लहरी जमिनीला आडवे हेलकावे देतात आणि सामान्यतः अधिक हानी करतात. भूकवचाच्या कठीण खडकात प्राथमिक लहरींचा वेग सुमारे ६ किमी/से आणि दुय्यम लहरींचा सुमारे ३.५ किमी/से असतो. किलोमीटर प्रतिसेकंदाचे किलोमीटर प्रतितासात रूपांतर करताना ३,६०० ने गुणावे लागते. त्यानुसार हे वेग अनुक्रमे २१,६०० किमी/तास आणि १२,६०० किमी/तास होतात.

किल्लारी भूकंपाच्या अपिकेंद्रापासून काही शहरांपर्यंत लहरी पोहोचण्यास लागलेला काळ या सरासरी वेगांवरून अंदाजे काढता येतो :

• लातूर (सुमारे ४० किमी) : प्राथमिक ६.७ सेकंद, दुय्यम ११.४ सेकंद
• नांदेड (सुमारे १५० किमी) : प्राथमिक २५ सेकंद, दुय्यम ४३ सेकंद
• मुंबई (सुमारे ३९० किमी) : प्राथमिक ६५ सेकंद, दुय्यम १११ सेकंद

अंतर वाढते तसा दोन लहरींच्या आगमनातील फरकही वाढतो. भूकंपाचे अंतर ठरवण्यासाठी याच फरकाचा उपयोग केला जातो. दुय्यम लहरीला लागणारा काळ (अंतर ÷ ३.५) आणि प्राथमिक लहरीला लागणारा काळ (अंतर ÷ ६) यांची वजाबाकी करून समीकरण सोडवल्यास पुढील सूत्र मिळते :

अंतर (किमी) = आगमनातील फरक (सेकंद) × ८.४

नांदेडच्या एखाद्या यंत्रावर हा फरक ४ सेकंद आढळला, तर भूकंप तेथून सुमारे ३४ किलोमीटरवर झाला असे समजावे. दिशा मात्र एका यंत्राच्या या फरकावरून कळत नाही. तीन निरनिराळ्या ठिकाणांहून मिळालेल्या अंतरांची वर्तुळे नकाशावर काढली म्हणजे त्यांच्या छेदनाजवळ अपिकेंद्र सापडते. सर्व यंत्रांची घड्याळे एकाच प्रमाणात लावलेली असणे यासाठी महत्त्वाचे असते. घड्याळात एका सेकंदाची चूक झाली, तर लहरीच्या आगमनवेळेवरून काढलेल्या अंतरात सुमारे ६ किलोमीटरची चूक होते.

भूकंपाची पूर्वसूचना देणाऱ्या यंत्रणाही याच तत्त्वावर चालतात. प्राथमिक लहर टिपताच पाठवलेला विद्युत संदेश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जातो. त्यामुळे दूरच्या शहरांना दुय्यम लहरीपूर्वी काही सेकंद मिळू शकतात. अपिकेंद्राजवळच्या गावांना हा लाभ मिळत नाही. नाभी १० किलोमीटर अंतरावर असल्यास दोन लहरींतील फरक १० ÷ ८.४ = १.२ सेकंद, म्हणजे तीन विपळे, एवढाच असतो. किल्लारी भूकंपाची नाभी उथळ होती. अपिकेंद्राजवळ झोपलेल्या माणसांना पहिला हादरा जाणवल्यापासून मोठा हादरा येईपर्यंत उठून बसण्याइतकाही अवधी नव्हता.

त्वरण

वेगातील बदलाच्या दरास त्वरण म्हणतात. वेगातील बदलाला त्यासाठी लागलेल्या काळाने भागल्यास सरासरी त्वरण मिळते. वेगाच्या एककात एकदा आणि भागाकारात आणखी एकदा असे सेकंद दोन वेळा छेदात येतात. म्हणून त्वरणाचे एकक मीटर प्रतिसेकंद वर्ग (मी/से²) असे लिहितात. १ मी/से² याचा अर्थ 'दर सेकंदाला वेगात १ मी/से एवढा बदल' असा होतो.

थांब्यावरून निघालेल्या एसटी बसने १० सेकंदांत ३६ किमी/तास वेग घेतला, असे समजू. ३६ × ५/१८ = १० मी/से. म्हणून सरासरी त्वरण १० ÷ १० = १ मी/से² होते. उभ्या प्रवाशाला मागे झोका देण्यास एवढे त्वरण पुरेसे असते.

त्वरणाची इतर प्रचलित एकके अशी आहेत :

• गॅल : १ गॅल = १ सेंमी/से² = ०.०१ मी/से². शास्त्रज्ञ गॅलिलिओच्या नावावरून हे एकक ओळखले जाते.
• प्रमाण गुरुत्व त्वरण (जी) : १ जी = ९.८०६६५ मी/से² = ९८०.६६५ गॅल. हे मूल्य १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर निश्चित करण्यात आले.
• किमी/तास प्रतिसेकंद : १ मी/से² = ३.६ किमी/तास प्रतिसेकंद. वाहनांच्या संदर्भात हे एकक सोयीचे ठरते.
• किमी/तास² : १ मी/से² = १२,९६० किमी/तास². येथे सेकंदाचा वर्ग असल्यामुळे ३,६०० ने दोनदा गुणून १,००० ने एकदा भागावे लागते. ३.६ हा गुणक येथे लागू होत नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात कोयना धरणातील त्वरणमापकावर धरणाच्या अक्षाच्या दिशेने ०.६३ जी एवढे कमाल त्वरण नोंदले गेले. मी/से² मध्ये ते सुमारे ६.१८ आणि गॅलमध्ये सुमारे ६१८ होते. किल्लारीच्या मुख्य धक्क्याच्या वेळी अपिकेंद्राच्या परिसरात असे यंत्र नव्हते. त्यामुळे तेथील त्वरणाचे अंदाज पडझडीवरून आणि नंतरच्या लहान धक्क्यांच्या नोंदींवरून बांधावे लागले.

लहरीचा वेग आणि जमिनीचा वेग

लहर जमिनीतून पुढे सरकण्याचा वेग आणि लहर जात असताना त्या जागची जमीन हलण्याचा वेग या दोन भिन्न राशी आहेत. शेतात वाऱ्याने ज्वारीच्या पिकावर उठलेली लाट बांधापर्यंत जाते, परंतु प्रत्येक ताट आपल्या जागीच डोलते. भूकंपातही तसेच होते.

जमीन एका सेकंदात एक पूर्ण हेलकावा घेत असेल आणि तिचे कमाल त्वरण ०.१६ जी (१.५७ मी/से²) असेल, तर तिचा कमाल वेग सुमारे ०.२५ मी/से, म्हणजे ०.९ किमी/तास, असतो. मूळ जागेपासून ती सुमारे ४ सेंटिमीटर सरकते. सेकंदाला पाच हेलकावे असतील, तर त्याच त्वरणाला कमाल वेग ०.०५ मी/से (०.१८ किमी/तास) आणि सरकणे जेमतेम १.६ मिलिमीटर भरते. तासाला हजारो किलोमीटर धावणारी लहर जमिनीला मुंगीच्या गतीने हलवते. हानी होते ती या हालचालीची दिशा क्षणाक्षणाला उलटत असल्यामुळे, म्हणजेच त्वरणामुळे.

त्वरणाचा इमारतींवरील परिणाम

न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार बल = वस्तुमान × त्वरण. वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि त्वरण मी/से² मध्ये घेतल्यास बल न्यूटनमध्ये मिळते. जमीन हलली की घराच्या प्रत्येक भागावर त्याच्या वस्तुमानाच्या प्रमाणात आडवे बल येते.

१९९३ मध्ये प्रचलित असलेल्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. भारतीय मानक १८९३ च्या २००२ मधील आवृत्तीत पहिला विभाग रद्द करून हा परिसर तिसऱ्या विभागात घेण्यात आला. या आवृत्तीनुसार तिसऱ्या विभागाचा विभाग गुणक ०.१६ आहे. हा गुणक गुरुत्व त्वरणाच्या पटीत वाचायचा असतो. ०.१६ जी म्हणजे १.५७ मी/से² किंवा १५७ गॅल. प्रत्यक्ष आराखड्यात हा आकडा इमारतीचे महत्त्व, तिची लवचीकता आणि जमिनीचा प्रकार यांनुसार कमीअधिक केला जातो.

मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे जाड दगडी भिंतींची असत. भिंतींतील दगड मातीत बसवलेले असत आणि लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर घातलेला असे. उन्हाळ्यात ही घरे थंड राहत. ३ मीटर × ४ मीटर खोलीवर ०.४ मीटर जाडीचा मातीचा थर आहे आणि मातीची घनता १,६०० किग्रॅ/मी³ आहे, असे मानू. थराचे वस्तुमान १२ × ०.४ × १,६०० = ७,६८० किलोग्रॅम होते. १.५७ मी/से² त्वरणास त्यावरील आडवे बल सुमारे १२,००० न्यूटन, म्हणजे सव्वा टन वजनाइतके, असते. त्याच खोलीवर चौरस मीटरला १० किलोग्रॅम भरणारे पत्र्याचे हलके छत असेल, तर वस्तुमान १२० किलोग्रॅम आणि बल सुमारे १८८ न्यूटन, म्हणजे १९ किलोग्रॅम वजनाइतकेच, राहते. दोन्ही घरांखालची जमीन सारखीच हलली, तरी छतावरील बलात ६४ पटींचा फरक पडतो. मातीने सांधलेली दगडी भिंत असे आडवे बल पेलू शकत नाही. भिंत फुटली की हे सारे ओझे खाली येते. किल्लारी परिसरातील मनुष्यहानीचे हे एक प्रमुख कारण होते.

महत्ता आणि एककांविषयीचा गैरसमज

बातम्यांमध्ये 'रिश्टर स्केल' या नावाने दिली जाणारी महत्ता हे वेगाचे किंवा त्वरणाचे माप नाही. ती लघुगणकीय संख्या असून तिला एकक नसते. महत्ता एकाने वाढल्यास उत्सर्जित ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. एका भूकंपाची महत्ता सर्व ठिकाणी एकच असते. त्वरण मात्र अंतर, नाभीची खोली आणि जमिनीचा प्रकार यांनुसार गावोगावी वेगळे असते. त्यामुळे ६.२ महत्तेचे थेट मी/से² मध्ये रूपांतर करता येत नाही. एखादे घर टिकेल की नाही, याचा अंदाज घेण्यासाठी त्या घराच्या जागेचे अपेक्षित त्वरण माहीत असावे लागते.

रूपांतर करताना घ्यावयाची काळजी

• आकड्याबरोबर एकक प्रत्येक पायरीवर लिहावे. ०.१६ या नुसत्या संख्येवरून ती जी, मी/से² की गॅल हे कळत नाही. ०.१६ जी आणि ०.१६ मी/से² यांत जवळजवळ दहा पटींचा फरक आहे.
• वेळ लिहिताना ती भारतीय प्रमाण वेळ आहे की जागतिक वेळ, हे नमूद करावे. तारीख वेळेबरोबरच बदलावी.
• तास-मिनिटांचे दशमान तासांत रूपांतर केल्याशिवाय गुणाकार-भागाकार करू नये.
• त्वरणाच्या एककात काळाचा वर्ग असल्याने काळाचा रूपांतर गुणकही दोनदा वापरावा.
• समीकरणात आकडे भरण्यापूर्वी सर्व राशी एकाच पद्धतीच्या एककांत आणाव्यात आणि उत्तर व्यवहाराशी ताडून पाहावे.